पिकअप मागून बघावी

गावातली पोरं नवी पिकअप घ्यायला निघाली की शोरूममधून मला फोटो पाठवतात. सगळे फोटो पुढचे. समोरची जाळी, दिवे, डॅशबोर्डावरची स्क्रीन. मी प्रत्येकाला एकच लिहितो, ‘मागं जा अन् फाळका उघडून फोटो काढ.’ पिकअप ही मागच्या बाजूनं बघायची गाडी आहे. पैसा तिथंच मिळतो आणि तिथंच गळतो. इंजिन आजकाल कुणाचंच इतकं वाईट नसतं की त्यानं धंदा बुडावा. हौदा, म्हणजे माल भरायची मागची जागा, चुकीचा असला तर मात्र रोज थोडं थोडं नुकसान होतं, आणि ते वहीत कुठं लिहिलंही जात नाही.

आमचं गाव अंबड तालुक्यात, जिल्हा जालना. घरची मोसंबी, आणि जोडीला भाड्याची कामं. जालन्याचा मोंढा, पाचोडचा मोसंबी बाजार, कधी संभाजीनगर, कधी थेट वाशी. गेल्या पंचवीसेक वर्षांत दारात ज्या गाड्या उभ्या राहिल्या त्यांच्याबद्दल हे लिहितोय. जिथं तक्रार आहे तिथं नाव घेणार नाही. एका गाडीवरून अख्खी कंपनी वाईट ठरत नाही, आणि मला कोर्टकचेरीची हौसही नाही.

पहिली गाडी थोरल्या भावानं आणलेली बजाज टेम्पोची मॅटॅडोर, तीही किती हातांतून आलेली देव जाणे. तिच्याबद्दल फार लिहून उपयोग नाही, आता ती मिळत नाही. फक्त एक गोष्ट सांगतो. तिचा हौदा गावातल्या सुतारानं बांधलेला, तळाला लाकडी फळ्या. मृग बहाराची मोसंबी मार्च-एप्रिलात निघते आणि तेव्हा आमच्याकडे ऊन चाळिशी गाठतं. पत्र्याच्या तळावर सुटा माल भरला तर खालचा थर शेकून निघतो, साल मऊ पडते आणि आडत्यासमोर ढीग ओतला की तोच थर वर येतो. लाकडावर हा प्रकार होत नव्हता. आता सगळ्या कंपन्यांचे हौदे पत्र्याचे. म्हणून आम्ही खाली उसाचं पाचट अंथरतो, वर बारदान, मग माल. नवी गाडी घेतलेला माणूस हे करत नाही, कारण पाचटानं गाडी घाण होते म्हणे.

मग आला छोटा हत्ती. टाटा एस २००५ साली बाजारात आली, किंमत सव्वादोन लाखांच्या आसपास. ७०२ सीसीचं दोन सिलिंडरचं डिझेल इंजिन, ताकद १६ अश्वशक्ती, आणि कागदावरचं वजन, म्हणजे माल किती भरायचा ते, पाऊण टन. आमच्याकडे ती पुढच्या एक-दोन वर्षांत आली. आमच्या हिशेबात मोसंबीनं भरलेलं प्लास्टिकचं कॅरेट वीस-बावीस किलोचं, म्हणजे पाऊण टनात पस्तीसेक कॅरेट बसतात. लहान बागवाल्याची एका दिवसाची तोड तेवढीच असते. त्याआधी असा माल असला की एक तर तीनचाकी बघायची, नाहीतर अर्धा रिकामा टाटा ४०७ ट्रक सांगायचा. तेवढ्या मापाची चारचाकी नव्हतीच.

हत्तीचं कौतुक लोक मायलेजवरून करतात. मी हौद्याच्या उंचीवरून करतो. मांडीएवढ्या उंचीवर तळ. तोडणारे गडी कॅरेट उचलून सरळ आत सरकवायचे, वर चढायला वेगळा माणूस लागत नव्हता. बांधावरच्या अरुंद वाटेवर दोन झाडांच्या ओळींतून वळायची. १२ इंची चाकं असल्यानं खड्ड्यात जरा खोल जायची आणि दोन सिलिंडरचं इंजिन उभ्या जागी केबिनसकट हलायचं, पण ज्या कामासाठी ती बनवली होती ते काम तिनं चोख केलं. तिच्यावर दीड-दीड टन लादून घाट चढवणारे लोक मी पाहिलेत. त्यांच्या शिव्या गाडीला लागू नयेत.

आता २०१२-१३ चा दुष्काळ. आमच्या भागातल्या कुणालाही विचारा, हा आकडा त्याला लग्नाच्या तारखेसारखा पाठ असतो. जालना जिल्ह्यात मोसंबीच्या बागाच्या बागा उभ्या वाळल्या, लोकांनी कुऱ्हाडी लावून सरपण केलं. ज्यांना बाग जगवायची होती त्यांनी विकतचं पाणी आणून झाडांना घातलं. तेव्हा आम्ही महिंद्राची बोलेरो पिकअप घेतली, ती मोसंबी वाहायला नव्हे, पाणी वाहायला. २५२३ सीसीचं इंजिन, वजन सव्वा टनाच्या घरातलं.

पाण्याचं गणित सोपं आहे, लिटरला एक किलो. दोन हजार लिटरची टाकी हौद्यात बरोब्बर बसते, म्हणून सगळ्यांनी तीच बसवली. म्हणजे सव्वा टनाच्या गाडीवर दोन टन, आणि टाकीचं वजन वेगळं. आम्ही पाचशे लिटरच्या दोन टाक्या घेतल्या आणि केबिनला टेकवून, मागच्या अ‍ॅक्सलच्या पुढं बांधल्या. शेजारच्यांनी चेष्टा केली, ‘एवढी मोठी गाडी अन् दोन घागरी.’ पण वजन अ‍ॅक्सलच्या मागं गेलं की पुढची चाकं हलकी होतात, स्टेअरिंग हातात लोण्यासारखं वाटायला लागतं आणि वळणावर गाडी ऐकत नाही. त्याहून वाईट म्हणजे अर्धी भरलेली टाकी. गच्च भरलेली टाकी गप्प बसते. अर्धी असली तर ब्रेक दाबल्यावर गाडी थांबते आणि क्षणभरानं आतलं पाणी पुढं येऊन तिला पुन्हा ढकलतं. टँकरमध्ये आत आडव्या पट्ट्या असतात त्या याचसाठी. प्लास्टिकच्या टाकीत त्या नसतात. तेव्हा टाकी भरायची तर तोंडापर्यंत, आणि रिकामी करायची तर पूर्ण.

त्या बोलेरोनं उन्हाळाभर विहीर ते बाग, बाग ते विहीर केलं. वाट कसली, नांगरलेल्या रानातून पाडलेली चाकोरी. या गाडीबद्दल माझं मत पक्कं आहे. बसायला ती आरामदायी नाही, रिकामी असताना कमानपाट्यांमुळं मागून उडते, केबिन तापते. पण तिला हात लावणारा माणूस प्रत्येक मोठ्या गावात आहे. क्लच प्लेट असो, यू-जॉइंट असो, पाट्याचा बुश असो, अंबडच्या दुकानात दुपारपर्यंत मिळतो. विकायला काढली तर गिऱ्हाईक स्वतः घरी येतं. आमची जुनी गेली तेव्हा घेणाऱ्यानं इंजिन चालू करून ऐकण्याआधीच विसार हातात ठेवला होता.

पाट्यांचा विषय निघालाच आहे तर सांगून टाकतो. नवी गाडी दारात आली की मागच्या बाजूला एक जादा पाटा टाकून घ्यायची आमच्याकडे पद्धत आहे. ‘लोड बसत नाही मग,’ असं म्हणतात. बसत नाही हे खरं. पण ब्रेक तेच राहतात, अ‍ॅक्सल तोच राहतो, टायर तेच राहतात. फक्त गाडी खचलेली दिसत नाही, म्हणून मालक आणखी दहा पोती चढवतो. वर, कडक पाट्यांवर फळाला इतके दणके बसतात की मोसंबीच्या सालीतलं तेल फुटून तपकिरी डाग पडतात. ते तोडीच्या दिवशी दिसत नाहीत, दिल्लीच्या व्यापाऱ्याकडे पोचल्यावर दिसतात. मग पुढच्या खेपेला भाव पडतो आणि आपण आडत्याला दोष देतो.

अशोक लेलँडची दोस्त आमच्याकडे पुतण्याच्या हट्टानं आली. २०११ ला निसानसोबतच्या भागीदारीतून बाजारात आलेली ही गाडी. दीड लिटरचं तीन सिलिंडरचं कॉमन रेल इंजिन, सव्वा टन वजन. मला तिचं चपटं तोंड आवडलं नव्हतं. खेड्यात बॉनेटवाल्या गाडीला मान आहे, ‘पुढं काहीतरी आहे’ असं वाटतं. पण चपट्या तोंडाचा फायदा मागं मिळतो. तेवढ्याच लांबीच्या गाडीत हौद्याला जास्त जागा उरते, आणि मोंढ्यात गाडी उलटी लावताना ड्रायव्हरला पुढचं टोक कुठं संपतं ते कळतं. वाशीच्या फेरीनंतर पुतण्या घरी आला की पाठ धरून बसायचा नाही, हे बोलेरोच्या काळात मी पाहिलं नव्हतं. शहरांतली, डांबरी रस्त्यावरची भाडी ज्याची जास्त त्यानं ही जात नक्की बघावी. काळ्या रानात, पावसाळ्यात, आम्ही मात्र बोलेरोच काढायचो.

२०२० च्या एप्रिलपासून बीएस-६, म्हणजे धुराचे नवे कडक नियम, आले आणि पिकअपची सगळी चालच बदलली. आम्ही त्यानंतर घेतलेली गाडी कुठल्या कंपनीची ते सांगत नाही. गाडी ओढायला उत्तम. पण बागेतून बाजारात, बाजारातून बागेत, असं पंधरा-वीस किलोमीटरचं दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमधलं काम तिला सोसलं नाही. या नव्या डिझेल गाड्यांच्या धुराड्यात काजळी अडवणारी जाळी असते. सलग वेगात गाडी पळाली की धूर तापतो आणि ती काजळी आपोआप जळते. छोट्या फेऱ्यांत ती जळत नाही, साठत जाते, मग डॅशबोर्डावर दिवा लागतो. दिव्याकडे दुर्लक्ष केलं तर गाडी स्वतःहून ताकद कमी करते. विकताना हे कुणी सांगत नाही. उपाय साधा आहे, अधूनमधून गाडी हायवेला सलग पळवून आणायची. ज्याचं सगळं भाडं गावाच्या शिवारातलंच आहे त्याला तोच परवडत नाही.

आमच्या दिव्याची गोष्ट मात्र वेगळी निघाली. समृद्धीवर, रात्री, माल भरलेला, आणि गाडी एकदम चाळीसच्या वर जाईना. समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा. नागपूर ते शिर्डी ११ डिसेंबर २०२२ ला सुरू झाला आणि शेवटचा तुकडा ५ जून २०२५ ला. रस्ता झकास, मालवाहू गाडीला ८० ची मर्यादा, जालन्याहून चढलं की मुंबईकडे सरळ. पण जुन्या रस्त्यासारखी दर दोन मैलांवर टपरी, पंक्चरवाला, वेल्डिंगवाला अशी सोय तिथं नाही. पुतण्यानं कडेच्या लेननं रडतखडत गाडी बाहेर काढली. सर्व्हिस सेंटरला नेली. त्यांनी संगणक जोडला, सेन्सर बदलला, बिल दिलं. चार दिवसांनी पुन्हा तोच दिवा. पुन्हा संगणक, दुसरा सेन्सर, दुसरं बिल. तिसऱ्यांदा आम्ही अंबडच्या मिस्त्रीमामांकडे गेलो. त्यांच्याकडे संगणक नाही. त्यांनी बॉनेट उघडलं, हातात टॉर्च धरून खाली वाकले, हाताला लागलं ते वायरिंग ओढून पाहिलं आणि म्हणाले, ‘आबा, सेन्सर चांगला हाय. उंदीर वाईट हाय.’ सोयाबीनच्या दिवसांत गाडी खळ्यावर उभी असायची, तिथल्या उंदरांनी दोन वायरींचं कव्हर कुरतडलं होतं. गाडी हलली की तार तारेला लागायची. मामांनी सोल्डर मारलं, नळी चढवली, टेप गुंडाळली आणि चहाचे पैसेही घेतले नाहीत. तो दिवा परत लागला नाही.

तेव्हापासून आमची गाडी खळ्यावर रात्रभर उभी राहत नाही, आणि राहिलीच तर बॉनेट उघडं ठेवतो. उजेड-वारा असला की उंदीर फार वेळ बसत नाही. हे कुठल्याही माहितीपुस्तकात नाही.

आता कागदपत्रांचं बोलतो, कारण नवीन घेणारा इथंच फसतो. मोटार वाहन कायद्यात ३००० किलोपर्यंत एकूण वजनाच्या मालवाहू गाडीला परमिट लागत नाही. एकूण वजन म्हणजे गाडी अधिक माल. म्हणूनच बऱ्याच पिकअपच्या कागदावर हा आकडा तीन टनांच्या जरासा खाली ठेवलेला दिसतो. दोन टन वाहणारी गाडी घेतलीत तर हिशेब उघड आहे, ती तीन टनांच्या वर जाणार आणि परमिट घ्यावं लागणार. सेल्समन ‘दोन टन, दोन टन’ करतो, पुढचं बोलत नाही. विम्याचं उलटं आहे. साडेसात टनांपर्यंतच्या भाड्याच्या मालगाड्यांना थर्ड पार्टीचा दर एकच, २०२२ च्या दरानं १६,०४९ रुपये आणि वर कर. पाऊण टनाचा हत्ती असो की दोन टनांची पिकअप, तेवढाच. त्यामुळं ज्याला माल भरपूर आहे त्याला टनामागं मोठी गाडीच स्वस्त पडते. पहिली आठ वर्षं आरटीओची फिटनेस तपासणी दोन वर्षांनी, त्यानंतर दरवर्षी. आणि ड्रायव्हरच्या लायसन्सची धास्ती आता धरू नका. साडेसात टनांच्या आतल्या गाडीला हलक्या वाहनाचं लायसन्स चालतं, हे सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठानं नोव्हेंबर २०२४ मध्ये कायम केलंय. जास्त वजनाला मात्र २०१९ च्या दुरुस्तीनं दंड २० हजारांपासून सुरू होतो, वर जादा टनामागं दोन हजार. चौकात पावती फाटली की महिन्याचं भाडं गेलं.

सध्या दारात आहे ती बोलेरो मॅक्स पिकअप, दहा फुटी हौद्याची. तिच्याआधी टाटाची योद्धा आणि इंट्रा, लेलँडची बडा दोस्त, सगळ्या बघून आलो. शोरूमवाल्यांना मी जरा विचित्र गिऱ्हाईक वाटलो असेन, कारण खिशात टेप घेऊन गेलो होतो आणि केबिनमध्ये शेवटी बसलो. मापं घेतली ती अशी: दोन्ही फाळक्यांमधली आतली रुंदी, त्यात आमची कॅरेट आडवी किती बसतात, चाकांचे उंचवटे हौद्यात वर येतात का, जमिनीपासून तळ किती उंच. इंचभर रुंदी कमी असली तर कॅरेटची एक अख्खी ओळ जाते. तळाची उंची हमालीत मोजावी लागते. मोंढ्यातला हमाल पन्नास किलोचं पोतं पाठीवरून टाकतो. तळ त्याच्या कमरेला असला तर तो बोलत नाही. छातीला आला की म्हणतो, ‘मालक, गाडी लई उंच हाय, पोत्यामागं बघा काहीतरी.’ आणि त्याचं बरोबर असतं.

योद्धा मला भारदस्त वाटली, खडीवाल्यांनी, वीटभट्टीवाल्यांनी तीच घ्यावी. इंट्राचं स्टेअरिंग कारसारखं हलकं. ज्याचा पोरगाच ड्रायव्हर आहे त्याला ती आवडेल. बडा दोस्त लांब पल्ल्याला छान. आम्ही मॅक्स घेतली ती हौद्याची लांबी आणि अंबडचं सुट्या भागांचं दुकान या दोन गोष्टींवर. तिच्या तळाचा पत्रा नालीदार आहे, त्याचं मला कौतुक नाही. सोयाबीन सुटी भरली की दाणे त्या नाल्यांत अडकतात, झाडू आडवा चालत नाही, फाळका उघडून नालीनाली झाडावी लागते. आम्ही वर प्लायवूडचा तुकडा टाकलाय. मॅटॅडोरच्या फळ्या आठवतात ते अशावेळी.

जुनी घेणाऱ्यांसाठी एकच सांगतो, हौद्याच्या तळाला आणि बाजूच्या पत्र्याला छिद्रं आहेत का बघा. सारख्या अंतरावर बोल्टाची छिद्रं दिसली तर ती गाडी लग्नसराईत डीजे घेऊन फिरलेली आहे. पहिल्या गिअरमध्ये, माणसाच्या चालीनं, तासन् तास, वर जनरेटर. क्लच आणि गिअरबॉक्सची काय अवस्था असेल ते मीटरवरून कळत नाही, कारण त्या गाडीचे किलोमीटर कमीच असतात. विकणारा तेच दाखवून भाव वाढवतो.

विजेच्या गाडीचं सगळे विचारतात. टाटा एस ईव्ही २०२२ ला आली, कंपनीच्या आकड्यानं एका चार्जला १५४ किलोमीटर, माल सहाशे किलो. जालना शहरात किराणा, दूध, पार्सल पोचवणाऱ्यानं जरूर विचार करावा, रात्री घरी लावली की सकाळी तयार. आमच्या शिवारात मोटारीलाच रात्रीची थ्री फेज पाळीनं येते, तिथं गाडीनं कधी नंबर लावायचा? छोटाच माल असेल तर २०२५ मध्ये आलेली एस प्रो बघा. ३.९९ लाखांपासून सुरू झाली, माल जुन्या हत्तीएवढाच, पाऊण टन. त्याच वर्षी सप्टेंबरात मालवाहू गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. जुनं कोटेशन घेऊन बसला असाल तर नवं मागा, जुन्यावर सही करू नका.

आणि बुकिंग करताना हौदा कंपनीचाच घ्या, नुसती केबिन-चासी घेऊन बाहेर बांधायच्या फंदात पडू नका. बाहेर बांधलेला हौदा दिसायला दणकट असतो, पण जाड पत्र्यामुळं त्याचंच वजन वाढतं, आणि तेवढं वजन मालातून कमी होतं. बाजूच्या जाळीची उंची मात्र आपल्या कॅरेटच्या थरांवरून सांगून घ्या. आम्ही चार थरांची घेतली आहे. पाचवा थर चढवायला जागाच नाही, त्यामुळं व्यापारी कितीही म्हणाला तरी ड्रायव्हरला वाद घालावा लागत नाही.